मागच्या पुठ्ठ्याच्या आत

"एकेका पुस्तकाच्या शेवटी ही चिठोरी कशाला डकवलीत म्हणतो मी! पुस्तक आहे की औषधाची बाटली?"

दिगंबररावांचा आवाज कपाटाच्या पलीकडून आला, आणि अलीकडे जमिनीवर बसून पार्सलची दोरी सोडवणाऱ्या वृंदाचे हात जागच्या जागी थांबले. कुरकुर तशी साधीच होती. दिगंबरराव कुरकुरले नाहीत तरच काळजी करावी. दोन वर्षांपूर्वी बँकेनं त्यांना नाशिकहून कलकत्त्याला आणून टाकलं तेव्हापासून ते कुरकुरतच होते. इथल्या घामावर, मोहरीच्या तेलावर, मध्येच थांबून राहणाऱ्या ट्रामवर. इथल्या मराठी मंडळानं त्यांना चिटणीस केलं तेही बहुधा ह्याच गुणावर, कारण कुरकुरणारा माणूस निदान जागा तरी असतो. पण ह्या दोन वर्षांत चिठ्ठ्यांवर ते कधी बोलले नव्हते. शिवाय आज त्यांचा आवाज कुरकुरीचा असून कुरकुरीचा नव्हता, आतून कुणीतरी लिहून दिल्यासारखा होता. वृंदानं पुन्हा दोरीला हात घातला. हीदेखील नेहमीची दोरी नव्हती. पुण्याचा पुस्तकवाला पार्सल पांढऱ्या सुताच्या दोरीनं बांधायचा, वर किंतानाला लाल दोऱ्याचे टाके. आज दोरी काथ्याची होती आणि टाके काळे, मोठेमोठे, घाईत घातलेले. हावडा स्टेशनात कुणीतरी पार्सल उघडून, मुलांची पुस्तकं उलटीपालटी करून, पुन्हा शिवून टाकलं होतं. एकाहत्तर साल होतं, हावड्याला उघडत नव्हते असं काय उरलं होतं? तरी त्या काळ्या टाक्यांकडे बघताना तिला ऑपरेशन झालेलं पोट आठवलं, आणि तिनं कात्री जरा हलक्या हातानं लावली.

चिठ्ठ्यांची रीत तिचीच. लग्न होऊन रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर, दिनकररावांबरोबर, ती गार्डन रीचच्या क्वार्टरात आली तेव्हा तिची शाळा सातवीत संपलेली होती, आणि पुढचं सगळं शिक्षण भाजीच्या पुडीचे कागद, नवऱ्याचं वर्तमानपत्र आणि मंडळाच्या वाचनालयातली अडीच कपाटं ह्यांनी केलं. भवानीपुरातल्या मंडळाच्या इमारतीत जिन्याखालची ही खोली. तिची किल्ली वृंदाकडे आली ती शिकलेल्या माणसांना वेळ नव्हता म्हणून. मुलांची नवी पुस्तकं मात्र शिकलेली माणसंच निवडायची. वर्षातून दोनदा पुण्याहून पसंतीसाठी पार्सल यायचं, ठेवायची ती ठेवायची, उरलेली परत पाठवायची. एक डॉक्टर आणि दोन प्रोफेसर मिळून त्यातून जी काही उत्तमोत्तम निवडायचे, ती कपाटात इतकी नवीकोरी राहायची की झुरळांनीसुद्धा तोंड लावू नये. तेव्हा वृंदानं भीतभीत सुचवलं होतं, आधी एका मुलाला वाचायला द्या. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी डकवू. त्यानं नाव लिहावं, वय लिहावं आणि मनातलं एक वाक्य लिहावं. मोठ्यांनी सांगायचं नाही, खोडायचं नाही. मग आपण ठरवू. प्रोफेसर हसले होते. पण अठ्ठावन्न सालच्या त्या पार्सलातलं पहिलं पुस्तक मंडळातल्याच शकुनच्या मुलीला दिलं, आणि रविवारी सगळ्यांच्या देखत ती चिठ्ठी वाचली गेली तेव्हा प्रोफेसर वेगळं हसले. "लीना, वय सात. राजाला काही काम नाही." पुस्तक परत गेलं.

मग पाच-सहा वर्षं नवीन पुस्तक आलं की पहिली वाचक लीनाच. दुसरी मुलं होती, पण त्यांना मराठी वाचायचं म्हणजे शिक्षा. घरात आईबापांशी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, आणि भांडायचं झालं की हिंदी. लीना तिन्ही-चारी भाषांत भांडायची आणि मराठीत वाचायची. अक्षर बंगाली शाळेतलं. मराठीच्या काना-मात्रांनासुद्धा ती बंगाली गोलाई द्यायची, शब्दांवरची रेघ डाव्या टोकाला जराशी वर उचललेली, फडताळाची फळी एका खिळ्यावर लोंबावी तशी. शंभर अक्षरांत तिचं ओळखू यावं. "लीना, वय नऊ. मुलगा भित्रा आहे. पण तो भीत भीत का होईना जातो, म्हणून आवडला." "लीना, वय दहा. आईने सांगितले म्हणून आवडले असे लिहिते." हे वाक्य वाचून शकुन लाजेनं अर्धमेली झाली होती आणि चारुदत्त, लीनाचे वडील, खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अधिकारी, कधी नव्हे ते खुर्चीवर मागे रेलून खदखदून हसले होते. वृंदाला मूलबाळ झालं नाही. तिला कुणी विचारलं असतं, आणि तेवढं कुणी विचारलं नाही, तर तिनं सांगितलं असतं की त्या पाच-सहा वर्षांत रविवारच्या संध्याकाळी तिला ते झालं नाही असं वाटलं नव्हतं.

"वृंदाकाकू, पार्सल सोडवताय की पुन्हा शिवताय?" प्रतिभानं कपाटामागे डोकं घातलं. प्रतिभा इथलीच, तिसऱ्या पिढीची, शाळेत शिकवायची. शाळा गेले तीन आठवडे बंद होती. कुणीतरी तिथलं ऑफिस जाळलं होतं. "या ना, शकुनमावशी पण आल्यात."

शकुन टेबलाशी बसली होती. नेहमीची खुर्ची, नेहमीची इस्त्रीची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून. आत येताना तिनं चपला काढून दाराशी अगदी जोडीनं ठेवल्या असणार, ठेवायचीच ती. वृंदानं पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ठरलेला प्रश्न ठरलेल्या आवाजात प्रतिभानं विचारला, "लीनाचं पत्र?"

"आलं की. मागच्या आठवड्यात. नागपूरला ऊन फार म्हणते."

"काकांकडे म्हणजे काय, घरच्यासारखंच," दिगंबरराव म्हणाले.

"घरच्यासारखंच."

श्रावण अर्धा सरला होता. श्रावणात नागपूरला कसलं ऊन, हे टेबलाशी बसलेल्या चौघांपैकी कुणीही म्हणालं नाही. फाल्गुनापासून लीना नागपूरला होती. आधी काकांकडे महिनाभर, मग तिथंच कॉलेजात नाव घालायचं म्हणून, मग तब्येत जरा नरम म्हणून. त्याआधीच्या वर्षी ती घरातून नाहीशी झाली होती, तेव्हा ती 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' होती. मंडळात प्रत्येकाला माहीत होतं की ती मैत्रिणीकडे नव्हती. त्या वर्षी शहरातली निम्मी हुशार मुलं अशीच कुठंकुठं अभ्यासाला गेली होती, आणि रात्री भिंतींवर घोषणा रंगवल्या जात होत्या, आणि पहाटे गल्लीच्या दोन्ही तोंडांना सीआरपीच्या, म्हणजे राखीव पोलिसांच्या, गाड्या लागत होत्या. नक्षल हा शब्द मंडळात कुणी उच्चारत नसे. 'हल्लीचं सगळं' म्हणायचे. हल्लीच्या सगळ्यामुळे गणपती साधेपणानं करायचा. हल्लीच्या सगळ्यामुळे बैठक दुपारी तीनला घ्यायची, म्हणजे पाचला सगळे घरात.

निवड सुरू झाली. वृंदाला ह्या कामाचा वास आवडायचा. नवी शाई, खळ, आणि पुण्याच्या दुकानातल्या कापराचा मागे रेंगाळलेला वास. आज त्यात काथ्याचा वास मिसळला होता. दिगंबररावांनी पहिलं पुस्तक उघडलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे नको."

"का हो? आगगाडीचं आहे. मुलं उड्या मारतील."

"पान बारा बघा. पोरगी रुळांवर उभी राहून लाल फडकं दाखवतेय."

"पूल मोडलाय ना पुढं," प्रतिभा म्हणाली.

"मोडू दे. पण लालच कशाला? हिरवं दाखवता आलं असतं."

"गाडी थांबवायचीये, दिगंबरराव," वृंदा म्हणाली. "हिरवं दाखवलं तर सगळी गाडी नदीत."

प्रतिभा हसली. शकुनही हसली, वेळेवर, सगळ्यांबरोबर थांबली. पण पुस्तक परतीच्या गठ्ठ्यावर गेलं. त्यामागून जादूच्या गुहेचं गेलं, कारण त्यात मुलं घरी न सांगता निघून जात होती. मग जत्रेत हरवलेल्या मुलीचं एक होतं, सुंदर चित्रांचं, ते हातोहात फिरलं, शकुनच्या हातात आलं, तिनं एक पान उलटलं, दोन उलटली, आणि पुढं सरकवलं. कुणाकडे न बघता दिगंबरराव म्हणाले, "छपाई बरी नाही." छपाई उत्तम होती. "नाहीच बरी," प्रतिभा म्हणाली. अशा रीतीनं तासाभरात ठेवायच्या गठ्ठ्यात मोर, फुलपाखरू, भाज्यांची ओळख आणि एक आज्ञाधारक ससा एवढेच उरले. वृंदाला वाटलं, हावड्याला ज्यानं पार्सल उघडलं त्याला उगाच त्रास पडला. त्याच्यापेक्षा इथं बसलेले आपण कडक.

"आता ते चिठ्ठ्यांचं," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. "जुन्या पुस्तकांना फार घाण दिसतात. झुरळं होतात खळीनं. आजच्या आज काढून टाकू. ओल्या फडक्यानं निघतात, मी घरी बघितलंय करून."

झुरळांना ह्या खोलीत येऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्या जोडीला मागच्या बुधवारी आणखी एक गृहस्थ येऊन गेले होते, साध्या वेशातले, फार सभ्य. वृंदानं त्यांना चहा विचारला होता. ते बंगाली होते, पण हिंदी वाचता येत असल्यामुळे मराठी अक्षरं त्यांना लागत होती. मुलांच्या कपाटाशी उभं राहून त्यांनी एक पुस्तक काढलं, मागून उघडलं, दुसरं काढलं, मागून उघडलं. बरोबर आणलेला एक घडीचा कागद त्यांनी खिशातून अर्धाच बाहेर काढला, चिठ्ठीतल्या अक्षराशेजारी धरला, आत ठेवला. "लीना," त्यांनी वाचलं, "बहुत पढ़ती है." मग 'फिर आऊँगा' म्हणून नमस्कार करून गेले. वृंदानं हे दिगंबररावांना सांगितलं होतं, दिगंबररावांनी बहुतेक चारुदत्तांना, चारुदत्तांनी घरी. आणि आता टेबलाशी चौघं बसली होती आणि विषय झुरळांचा चालला होता.

"काढू या ना," शकुन म्हणाली. "घाणच दिसतात."

प्रतिभानं नळाखालून काचेचा बोल भरून आणला. कपाटातली पुस्तकं खाली उतरली. ज्यांत दुसऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या होत्या तीही उतरवली, म्हणजे कुणी म्हणायला नको की निवडून काढल्या. चौघं कामाला लागले. फडकं पिळायचं, चिठ्ठीवर दाबून धरायचं, मनातल्या मनात वीस मोजायचे, कोपरा नखानं उचलायचा. दिगंबररावांच्या हातून कागद फाटत होता, ते पुटपुटत होते. प्रतिभाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि 'खळीचा वास किती उग्र' असं ती दोनदा म्हणाली. शकुनचा हात मात्र सुरेख चालला होता. जखमेवरची पट्टी सोडवावी तसं ती हळूच सोडवायची, अख्खी चिठ्ठी न फाटता हातात यायची. ती क्षणभर बघायची. वाचायची की नाही कळत नव्हतं. मग बोलमध्ये सोडायची. पाणी आधी निळसर झालं, मग निळं. 'आईने सांगितले' पाण्यात पसरलं. 'म्हणून आवडला' पसरलं. बाहेर कुठंतरी दुकानाचं दार खाली ओढल्याचा खडखडाट झाला, एक, त्यापाठोपाठ तीन-चार, आणि गल्ली दुपारीच गप्प झाली. चौघांनीही मान वर केली नाही.

वृंदाचं फडकं एकाच पुस्तकावर होतं, आणि मन फाल्गुनातल्या त्या गुरुवारी. वाचनालय चार ते सहा. पाचला लीना आली. दीड वर्षानं. अंगावर जाडंभरडं लुगडं, कुणा दुसरीचं, घोट्यापर्यंतच पोचणारं. गाल आत गेलेले. "काकू, नवीन काय आलंय?" असं म्हणून ती मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली, वय सात असताना बसायची तशी. वृंदानं काही विचारलं नाही. तिला फार आनंद झाला होता आणि तितकीच भीती वाटली होती, आणि ह्या दोन्हींतून तोंडाला आलं काय, तर "हात धुतलेस का? नवी पुस्तकं आहेत." लीना हसली, उठली, हात धुऊन आली. पसंतीच्या पार्सलातलं वरचं पुस्तक घेऊन तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वृंदाचं पेन मागून घेतलं. सहा वाजले. रस्त्यावरून एक गाडी हळू, फार हळू गेली. वृंदानं किल्ल्यांचा जुडगा उचलला, आणि तो वाजला.

"काकू, आज मी इथंच राहिले तर? तुम्ही बाहेरून कुलूप लावून जा. सकाळी उघडा."

आणि वृंदा काय म्हणाली? जी बाई भाजीच्या पुडीवरून वाचायला शिकली, जिनं प्रोफेसरांना मुलांपुढं गप्प बसवलं, ती म्हणाली, "मंडळाचा नियम माहीत आहे ना तुला? सहानंतर खोलीत कुणी थांबायचं नाही. घरी जा. आई वाट बघत असेल." नियम! पाच महिने ती हा शब्द तोंडात घोळवत होती, आवळ्याची बी थुंकता येऊ नये तसा. तिला सगळं कळलं होतं. कुलूप, चौकशी, दिनकररावांची नोकरी, क्वार्टर, एवढं सगळं तिनं एका क्षणात मोजलं होतं आणि वर नियमाचं झाकण ठेवलं होतं. "हो," लीना म्हणाली, "बघत असेल." पुस्तक तिनं परत जिथल्या तिथं ठेवलं. दारात वळून तिनं कपाटाकडे बघितलं, वृंदाकडे नाही.

ते पुस्तक समितीपुढं कधी आलंच नाही. वृंदानं त्याचे पैसे पुण्याला स्वतःच धाडले होते. फाल्गुनापासून ते तिच्या कापडी पिशवीत, विणकामाच्या खाली, गार्डन रीचहून भवानीपूरला आणि भवानीपूरहून गार्डन रीचला बसमधून येत-जात होतं. आताही ते पायाशी होतं. बोलमधलं पाणी गडद झालं होतं. शकुननं शेवटची चिठ्ठी सोडली, बोटं पदराला पुसली. बोटांच्या टोकांना निळं राहिलं. "झालं," ती म्हणाली. "निघाल्या सगळ्या. आता बरं दिसतं."

"सगळ्या नाही," वृंदा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तिनं पिशवीतून विणकाम काढून टेबलावर ठेवलं, मग पुस्तक काढलं, आणि मागून उघडून शकुनपुढं ठेवलं. दिगंबरराव अर्धे उठले. "वृंदाताई, हे आत्ता कशाला—"

"बसा हो तुम्ही. शकुन, फाल्गुनात आली होती ती. इथं. राहू का म्हणाली. मी नाही म्हटलं. मी तिला घरी पाठवलं."

चिठ्ठीवर रेघ डाव्या टोकाला उचललेली होती. शकुननं बोट न लावता वाचलं. ओठ हलले तेवढे. 'लीना, वय वीस. ह्यात शेवटी सगळे घरी येतात. मला खरे वाटले नाही. तरी पुस्तक घ्यावे. लहान मुलांना आवडेल.'

प्रतिभानं फडकं उचललं, सवयीनं, आणि पुन्हा ठेवलं. बाहेर गल्लीत पावलं वाजली, बरीच, एका तालात, आणि इमारतीवरून पुढं गेली. दिगंबरराव दाराकडे बघत होते. "शकुनताई," ते अगदी हळू म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, "ती नागपूरला सुखरूप आहे. तेवढं पुरे आपल्याला. हे पण काढून टाका."

शकुननं पुस्तक मिटलं. मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, निळ्या बोटांसकट.

"घरी आली होती ती," ती म्हणाली. "तू पाठवलीस तशी आली, वृंदा. तुझा काही दोष नाही. दोनदा कडी वाजवली, मग थांबून एकदा. लहानपणापासून तशीच वाजवते. आम्ही दिवा मालवला. ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पण खरं सांगू, इतका काही घट्ट नव्हता धरला. चैत्रात बोलावलं आम्हाला. नदीत सापडली म्हणाले, ओळखायला या. हे बाहेर बाकावर बसले. मी आत गेले. त्यांनी चादर काढली, आणि विचारलं, तुमचीच का. दिगंबरराव, नागपूरला आमचं कुणीसुद्धा नाही. मी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि म्हटलं, नाही, ही आमची नाही."